मदत हवी आहे: सेलीन साँगच्या 'पास्ट लाइव्ह्ज'ची मराठी सबटायटल्स

दिग्दर्शिका साँग मूळची दक्षिण कोरियाची, वाढली कॅनडात, काम न्यूयॉर्कमध्ये. 2023चा हा तिचा पहिलाच चित्रपट. संवाद कोरियन आणि इंग्रजी, म्हणून दोन्ही मराठीत आणताना तीन ठिकाणी अडतंय.

पहिलं, 'इन-यन', म्हणजे माणसांना जोडणारा पूर्वजन्मीचा धागा. हा कोरियन शब्द बौद्ध 'हेतु-प्रत्यय' (कारण आणि त्याला जुळून येणारी परिस्थिती) या कल्पनेच्या चिनी भाषांतरातून आलेला. 'ऋणानुबंध' अगदी चपखल, पण त्यात देणं-घेणं येतं. इथे तर अनोळखी माणसाची बाही घासली तरी पूर्वजन्मीचं काहीतरी असतं. 'नशीब' किंवा 'योग' मला पटत नाही. मूळ शब्द ठेवून पहिल्याच उल्लेखात 'ऋणानुबंध' जोडावा का?

दुसरं, बारमधला प्रसंग. नायिका नोरा तिचा बालमित्र 'हे सुंग' याच्याशी कोरियनमध्ये बोलते, नवरा आर्थरशी इंग्रजीत, आणि मध्ये दुभाषी होते. भाषा कुठे बदलली हे दिसलंच पाहिजे, नाहीतर आर्थरचं एकटेपण हरवतं. देवनागरीत तिरपी अक्षरं वाईट दिसतात. कोरियनला फिकट पिवळा आणि इंग्रजीला पांढरा रंग कुणी वापरून पाहिलाय का?

तिसरं तांत्रिक. सबटायटल्सची एसआरटी फाइल यूटीएफ-8 या अक्षरसंकेतात आहे, दोनच ओळी, ओळीला जास्तीत जास्त 38 अक्षरं. तरी जुन्या प्लेअरवर जोडाक्षरं फुटतात, 'कि'मधली वेलांटी उजवीकडे सरकते. अक्षरजुळणीच होत नाही त्यात. सबटायटल्स चित्रातच कायमची उमटवावीत, की दुसरा प्लेअर सुचवाल?

शेवटच्या निरोपात शब्द जवळजवळ नाहीतच. तिथे '(शांतता)' असं काही घालू नका, असं माझं ठाम मत आहे.