मदत हवी आहे: ट्रायडंट ६६० की झेड ६५०? मुक्काम सोलापूर, सर्व्हिस पुण्यात

नमस्कार मंडळी,

सध्या डॉमिनार ४०० मोटरसायकल चालवतोय. गाडीबद्दल तक्रार काहीच नाही. पण घराचं कर्ज फिटलं, पोरगी दहावी झाली, आणि बायकोच एका रात्री म्हणाली, "घ्यायची तर घेऊन टाका एकदाची, त्या व्हिडिओंच्या आवाजानं झोप लागेना." परवानगी अशी मिळते तेव्हा लगेच पदरात पाडून घ्यावी, असा आमच्या मित्रमंडळाचा सल्ला आहे.

तर यादी कापत कापत दोनच गाड्या उरल्यात: ट्रायम्फ ट्रायडंट ६६० आणि कावासाकी झेड ६५०. दोन्ही नेकेड (पुढे फेअरिंगचं आवरण नसलेल्या), दोन्ही मधल्या वजनाच्या. चार सिलिंडरवाल्या बजेटच्या बाहेर. ॲडव्हेंचर प्रकारची उंच गाडी नको, माझी उंची पाच फूट सहा इंच आहे आणि मला गाडीवर बसायचंय, चढायचं नाही.

कागदावरचं मला पाठ झालंय, त्यामुळे ते कुणी परत लिहू नका, मीच लिहितो. झेडचं ६४९ सीसी, दोन सिलिंडर, ६८ पीएस (म्हणजे घोड्यांची ताकद). ट्रायडंटचं ६६० सीसी, तीन सिलिंडर, ८१ पीएस. गंमत अशी की टॉर्क (इंजिनाची ओढ) दोघांचाही ६४ न्यूटन मीटर. वजन दोघांचंही १९० किलोच्या आसपास, म्हणजे माझ्या डॉमिनारइतकंच, त्यामुळे पार्किंगमध्ये ढकलाढकलीची भीती नाही. सीट झेडची ७९० मिमी, ट्रायडंटची ८०५. टाकी झेडची १५ लिटर, ट्रायडंटची १४. मागचा टायर झेडला १६०चा, ट्रायडंटला १८०चा. ट्रायडंट भारतात २०२१ साली ६.९५ लाखाला आली होती. आता ते दिवस गेले. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना ४० टक्के जीएसटी लागला, आणि आज ट्रायडंट झेडपेक्षा लाखाच्या वर महाग पडतेय. ट्रायडंटच्या २०२५च्या मॉडेलला क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर), क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम) आणि कॉर्नरिंग एबीएस (वळणावरही सांभाळणारं) कंपनीकडूनच येतं, झेडला यातलं काही नाही. तो जास्तीचा लाख तिथं जातो, हे कळतंय.

पुण्यात दोन्हीची टेस्ट राइड घेतली. टेस्ट राइड कसली, शोरूमचा पोरगा पुढे स्कूटरवर आणि आपण मागे वरातीत. तरी दोन गोष्टी जाणवल्या. ट्रायडंट तिसऱ्या गिअरमध्ये रिक्षाच्या मागे रखडत होती आणि मी गिअर न बदलता थ्रॉटल दिला, तर चेनचा एकही झटका न बसता गाडी निघाली. डॉमिनारनं तिथं मान हलवली असती. झेडचं क्लच मात्र बोटानं दाबावं इतकं हलकं, आणि गाडी अरुंद, गुडघे टाकीला असे बसतात की आपलीच जुनी गाडी वाटावी. बाकी सिग्नलला थांबलो आणि पंखा सुरू झाला तेव्हा दोघींनीही नडगीवर गरम वारा सोडला. तो पुण्याचा डिसेंबर होता. सोलापूरचा मे वेगळा असतो, हे इथं सांगायची गरज नाही.

आता खरा प्रश्न. माझा वापर असा: रोज जुळे सोलापूर ते होटगी रोड, दुकान. रविवारी पहाटे तुळजापूर, अक्कलकोट किंवा विजयपूरच्या रस्त्यावर जाऊन येणं. दर दोन-तीन महिन्यांनी पुणे, मेव्हणा हडपसरला आहे. तुळजापूरला बायको मागे असते आणि ती साडीतच येते. सर्व्हिस मी पुण्यातच करणार, हे धरून चाला. म्हणजे २५० किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. चारचौघांसारखं सकाळी गाडी टाकून संध्याकाळी न्यायचं जमणार नाही.

ज्यांची मोठी गाडी लहान शहरात आहे आणि सर्व्हिस सेंटर दुसऱ्या गावात, त्यांनी सांगा: हे निभतं का? कोणती गाडी जास्त निभते? आणि मे महिन्यात सात रस्त्याच्या सिग्नलला मांड्या भाजतात का? "मनाचं ऐका" असं कृपया लिहू नका. मनाला विचारूनच हा घोळ झालाय.

प्रतिसाद: बार्शीहून

अण्णा, आधी एक विचारतो. रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० यादीतून का कापली? सर्व्हिस गावात, पार्ट गावात, मेकॅनिक गावात. पुण्याला फक्त मेव्हण्याला भेटायला जा.

धागाकर्ता

कापली कारण ती दोनशे किलोच्या बरीच वर आहे आणि मला वळणारी गाडी हवीय. चांगली गाडी आहे, मित्राकडे आहे, पण तिच्यावर बसलं की मी लगेच पन्नाशीचा होतो. अजून आठ वर्षं बाकी आहेत.

प्रतिसाद: लातूरहून, झेड ६५० वापरकर्ता

मी पण सर्व्हिसला पुण्यालाच जातो आणि तुमच्यापेक्षा लांबून जातो, म्हणून बोलायचा हक्क आहे.

निभतं. एक गोष्ट डोक्यात ठेवा: तुम्ही वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर चालवणार असाल तर सर्व्हिस किलोमीटरवर येत नाही, तारखेवर येते. ट्रायम्फ १६ हजार किलोमीटर किंवा एक वर्ष म्हणतं. तुमचं वर्षच आधी संपणार. कावासाकीतही किलोमीटर आणि महिने दोन्ही बघतात, मॅन्युअलमधला तक्ता वाचा. म्हणजे पहिली सर्व्हिस झाली की नंतर फार धावाधाव नाही. ती पहिली मात्र लवकर येते आणि तिच्या आत पाचशे किलोमीटर तर पुण्याच्या एका फेरीतच जातात. गाडी पुण्यातून घेऊन सोलापूरला चालवत आणणार असाल तर रनिंग-इनमध्ये (नवं इंजिन रुळेपर्यंत) एकाच वेगानं हायवेवर हाणू नका. इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ असे थांबे घेत, वेग कमी-जास्त करत या.

मधली कामं घरी शिका. पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा) घ्या, कारण या गाड्यांना सेंटर स्टँड नाही आणि चेन साफ करायला मागचं चाक फिरवावंच लागतं. चेन साफ करणं, तेल देणं, ताण बघणं. ताण गावातल्या गॅरेजला बघू देऊ नका. आमच्याकडे एकानं माझी चेन वीणेच्या तारेसारखी आवळून दिली होती, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) दबला की बेअरिंगवर सगळा भार. मॅन्युअलमध्ये किती मिमी ढिली हवी ते दिलेलं असतं, पट्टी लावून मोजा.

पंक्चर किट आणि छोटा पंप सीटखाली. ट्यूबलेस आहे, खिळा असेल तर रस्त्यातच होतं. पण टायर कापला गेला तर १६० काय नि १८० काय, दोन्ही आपल्या गावातल्या दुकानात फळीवर नसतात, मागवावे लागतात. १६०चा स्वस्त पडतो एवढंच. टायर पूर्ण झिजायची वाट बघू नका, पावसाळ्याआधी मागवून ठेवा.

गरमी: भाजते. खोटं नाही बोलत. पण चालत्या गाडीवर नाही, फक्त उभ्या गाडीवर. मे महिन्यात दुपारी बारा ते पाच मी तसंही गाडी काढत नाही आणि तुम्हीही काढणार नाही.

झेडचा दोष सांगतो: मागची सीट. माझी बायको तिला "ओटा" म्हणते. उंच, आखूड आणि पुढे उतरती. ब्रेक मारला की सगळा भार माझ्या पाठीवर.

प्रतिसाद: पुण्याहून, ट्रायडंट वापरकर्ता

मागच्या सीटबाबत ट्रायडंट जरा बरी, पण फार नाही. दोन्ही गाड्या एकट्याच्या आहेत, मागचा पाहुणा. मागे कुणी बसणार असेल तर मागच्या शॉकचं प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) वाढवून घ्या, हे दोन्हीत होतं. ते न करता बसलात तर हेडलाइट आकाशात आणि पुढचं चाक हलकं.

दादा, तुम्ही जो "चेनचा झटका न बसता" प्रकार लिहिलाय ना, तोच या गाडीचा जीव आहे. तीन सिलिंडरचे ठोके दर २४० अंशांवर समान पडतात. झेडचा क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) १८० अंशांचा, त्यामुळे तिचे ठोके असमान, एकदा १८०, एकदा ५४०. म्हणून झेड खालच्या आरपीएमला थोडी ठसक्यात चालते. काहींना तोच ठसका आवडतो. पण सोलापुरात चाळीसच्या वेगानं, स्पीडब्रेकर आणि रिक्षांच्या मधून रोज जायचं असेल तर ट्रायडंटमध्ये गिअर कमी बदलावे लागतात. ८१ पीएसचं कौतुक कमी करा. चार पदरी हायवेवर दुचाकीला ८० ची मर्यादा आहे, आणि ती पाळायला ८१ घोडे लागत नाहीत.

एक इशारा. बजाजसोबतच्या भागीदारीनंतर ट्रायम्फची लहान गाडी स्पीड ४०० आली आणि ट्रायम्फच्या शोरूम बऱ्याच गावांत झाल्या. जवळ कुठे अशी शोरूम असेल तर "६६०चं काम होतं का" हे फोनवर नाही, समोर जाऊन विचारा. तीन सिलिंडरवर काम केलेला टेक्निशियन आहे का, पार्ट किती दिवसांत येतात, हे विचारा. बोर्ड एकच असला तरी हात एकच असतील असं नाही.

आणि रस्त्यावर बंद पडली तर? रोडसाइड असिस्टन्सच्या कागदात किती किलोमीटरपर्यंत टो फुकट आहे ती ओळ शोधा. भिगवणजवळ बंद पडली तर ठीक, सोलापुरात बंद पडली तर ती ओळच तुमचा खर्च ठरवते. कंपनीचा प्लॅन आणि विम्याचा प्लॅन वेगवेगळे असतात, दोन्ही वाचा. विमा झिरो डेप (पार्टचा घसारा न कापणारा) घ्याच. या गाड्यांचा रेडिएटर पुढच्या चाकामागे उघडा असतो, एक जाळी लावून टाका. पाटस-इंदापूर पट्ट्यात ट्रकमागचे खडे आम्ही खाल्लेत.

प्रतिसाद: पंढरपूरहून

गाडी कोणतीही घ्या, ऑक्टोबर ते मार्च संध्याकाळनंतर आमच्या रस्त्यावर सावकाश या. ऊस वाहतूक सुरू असते. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टरवर चिखल, आणि उसाची कांडी बाहेर आलेली. डॉमिनारवर तुम्ही सत्तरनं येत असाल, या गाड्या न कळत शंभरला जातात आणि आवाजही करत नाहीत. मला दोन्हीत एबीएसपेक्षा पुढचा दिवा महत्त्वाचा वाटतो. जास्तीचे फॉग लॅम्प लावायचे असतील तर वायर कापून नको, कंपनीची ॲक्सेसरी घ्या, नाहीतर वॉरंटीला तेच कारण मिळतं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. लातूरकर, तारखेचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता, मी आपला किलोमीटरचा हिशोब करत बसलो होतो. पुणेकर, जवळच्या शोरूमचं विचारतो, समोर जाऊन.

घरी मागच्या सीटचा फोटो दाखवला. झेडचा बघून "हे कशावर बसायचं?" आणि ट्रायडंटचा बघून "हे पण तसंच आहे की." म्हणजे तिच्या लेखी बरोबरी. पण साडी गार्डचा प्रश्न तिनंच काढला. डॉमिनारला होतं, मी कधी लक्षच दिलं नव्हतं. १८०च्या टायरवर आणि एवढ्या आखूड शेपटीवर साडी गार्ड नीट बसतं का? पदर चाकात जाण्याचा विषय आहे, त्यामुळे गमतीनं घेऊ नका.

झुकतोय ट्रायडंटकडे, हे लपवत नाही. तिसऱ्या गिअरनं काम केलंय. फक्त लाखभराचा फरक नवीन गाडीत देण्याऐवजी पुण्यात दोन-तीन वर्षं जुनी ट्रायडंट बघावी का, असाही किडा वळवळतोय.

प्रतिसाद: पुण्याहून, ट्रायडंट वापरकर्ता

साडी गार्ड गाडीसोबत मिळतं, कायद्यानं द्यावंच लागतं. बरेच जण डिलिव्हरीच्याच दिवशी काढून माळ्यावर टाकतात. जुनी गाडी घेतलीत तर ते मागून घ्या, मालक "कुठंतरी असेल" म्हणेल, शोधायला लावा. बसतं व्यवस्थित, दिसतं वाईट. वहिनींसाठी लावा. तरीही पदर खोचून आणि पाय एका बाजूला न टाकता बसणं बरं. या सीटवर एका बाजूला पाय टाकून बसायचा विचारही नको.

जुनी बघताना: २०२५च्या आधीच्या गाडीत क्विकशिफ्टर कंपनीकडून येत नव्हता, वेगळा घ्यावा लागायचा, आणि क्रूझ कंट्रोल नव्हतंच. सर्व्हिस बुकमधल्या तारखा बघा, किलोमीटर नाही, वरच्या लातूरकरांच्याच कारणानं. कमी चाललेली पण वर्षभर तेल न बदललेली गाडी बाजारात खूप आहेत. टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर जुने निघाले तर तेवढे पैसे किमतीतून कमी करा. एमएच १२ वरून एमएच १३ ला आणायची म्हणजे मालकी बदलाचे फॉर्म २९, ३० आणि कर्ज असेल तर बोजा उतरवायचा ३५, शिवाय बँकेचं पत्र. पैसे देण्याआधी कर्जाचा बोजा उतरलाय का ते परिवहनच्या साइटवर बघा.

येणार असाल तर कळवा, हडपसरला मी येऊन गाडी बघतो. येताना लांबोटीचा चिवडा आणा, तेवढी फी.