मदत हवी आहे: ईदच्या सुट्टीत तिबिलिसी, चौघी जणी, साडेतीन दिवस

नमस्कार मंडळी,

बकरी ईदच्या जोडून आलेल्या सुट्टीत आम्ही चौघी मैत्रिणी जॉर्जियाला, तिबिलिसीला चाललोय. तिघी शारजा-दुबईत असतो, चौथी मस्कतहून येतेय. फोंड्याला कॉलेजात एकत्र होतो. चौघी एका वेळी शेवटच्या भेटलो त्या एकीच्या लग्नात, आणि तिचा मुलगा आता दहावीला आहे. त्यामुळे ही सुट्टी वाया जाऊ नये असं फार वाटतंय.

तिकिटं झाली, जुन्या शहरात घर घेतलंय, परतीचं तिकीट आणि विम्याचे कागद छापून ठेवलेत. गुरुवारी दुपारी पोचतो, रविवारी रात्री परत. घड्याळ बदलावं लागत नाही, हे एक बरं.

अडलंय ते शनिवारच्या बेतावर. दोघींना काझबेगीला जायचंय. बर्फाचा डोंगर आणि त्यापुढे गेर्गेतीचं एकटं चर्च, तो फोटो त्यांनी ग्रुपवर इतक्या वेळा टाकलाय की मलाही पाठ झालाय. पण मालवणवालीला घाटात गाडी लागते. आंबोली चढतानासुद्धा ती पुढच्या सीटवर लिंबू नाकाशी धरून बसते. एका दिवसात जाऊन येऊन तीनशे किलोमीटर, वाटेत २,४०० मीटरच्या आसपासची खिंड. तिला घरी ठेवून जायला मन होत नाही.

आणि मला जायचंय सामेबा कॅथेड्रलमध्ये, राणी केतेवानसाठी. गोव्याबाहेरच्यांना हे कदाचित माहीत नसेल, म्हणून थोडं सांगते. केतेवान ही जॉर्जियातल्या काखेतीची राणी. ख्रिस्ती धर्म सोडायला नकार दिला म्हणून १६२४ साली शिराझमध्ये इराणच्या शाह अब्बासच्या हुकुमाने तिला तापलेल्या चिमट्यांनी हाल करून मारलं. तिथल्या ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष जपले, आणि त्यातला उजव्या हाताचा भाग जुन्या गोव्यात आणला. सेंट ऑगस्टिनच्या मठात दुसऱ्या खिडकीपाशी तो ठेवलाय, असं जुन्या पोर्तुगीज कागदांत लिहिलेलं होतं. पुढे मठच ढासळला. भारतीय पुरातत्त्व खात्याने ढिगाऱ्यात शोध घेतला, हाड सापडलं, हैदराबादच्या सीसीएमबी या प्रयोगशाळेत डीएनए तपासला, आणि २०२१च्या जुलैत भारताने अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला भेट दिला.

सायबाच्या (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या) फेस्ताला आजी आम्हाला दरवर्षी जुन्या गोव्याला न्यायची. गर्दीतून बाहेर पडलो की त्या टेकडीवर, त्याच मठाच्या जांभ्याच्या अर्ध्या उरलेल्या मनोऱ्याच्या सावलीत बसून चणे खायचो. आपण कुठे बसलोय हे तेव्हा आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. तो मनोरा ४६ मीटरचा आहे म्हणतात, मला तो अजून मोठा आठवतो. म्हणून तिथे गेल्यावर केतेवानपुढे एक मेणबत्ती लावायची आहे.

तर विचारायचं हे:

काझबेगी सोडून डोंगर बघायचा दुसरा काही मार्ग आहे का, चौघींना एकत्र जाता येईल असा?

सामेबात केतेवानबद्दल कुणाला आणि कसं विचारावं? पेहराव कसा हवा?

एक मैत्रीण अंडंही खात नाही. तिने तीन दिवस नुसत्या ब्रेडवर काढू नयेत.

अबानोतुबानीच्या गंधकाच्या हमामात बायकांना वेगळी खोली मिळते ना? मालवणवाली तिथे जायला एका पायावर तयार आहे, म्हणते राजापूरचे गरम पाण्याचे झरे लहानपणापासून बघितलेत. (तिबिलिसीच्या नावातच ‘तबिली’ म्हणजे गरम आहे.)

प्रतिसाद, रानवाट:

ताई, माझा मुलगा तिबिलिसीत एमबीबीएस करतो, दोनदा जाऊन आलोय. गाडी लागणाऱ्या माणसाला काझबेगीला नेऊ नका. म्लेता गावाच्या पुढे वळणावर वळण आहे, आणि रशियाच्या सीमेकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग लागली की त्याच घाटात तासन् तास अडकायला होतं. त्याऐवजी त्याच रस्त्याने अनानुरीपर्यंत जा. सत्तरेक किलोमीटर, घाट त्याच्या पुढे सुरू होतो. किल्ला अगदी झिनवालीच्या जलाशयाच्या काठावर आहे. जाताना म्त्सखेता हे जुनं गाव करा. वरच्या ज्वारी मठातून दोन नद्यांचा संगम दिसतो, एकीचं पाणी गढूळ, एकीचं निळसर. बर्फाचा डोंगर मिळणार नाही हे मैत्रिणींना आधीच सांगून टाका.

हमामात तासावर खाजगी खोली मिळते, चौघींना एक पुरेल. आदल्या दिवशी सांगून ठेवा.

प्रतिसाद, भातुकली:

खाण्याचं सांगते, मी पक्की शाकाहारी. ‘सामार्ख्वो’ हा शब्द पाठ करा. म्हणजे त्यांचं उपवासाचं: मांस, अंडं, दूध काहीच नाही. लोबियो म्हणजे मातीच्या भांड्यातली राजम्यासारखी उसळ, तीत त्यांची निळी मेथी असते, वास घेतला की घरचं वाटतं. अक्रोड भरलेली वांगी घ्याच. खाचापुरीत, म्हणजे चीज भरलेल्या ब्रेडमध्ये, अजारुली मागवू नका, तिच्यावर अंडं फोडतात. इमेरुली घ्या, पण तीत अंडं आहे का ते विचारा. खिंकालीत, म्हणजे त्यांच्या मोदकासारख्या पदार्थात, मशरूमची मिळते.

सामेबासाठी अवलाबारी मेट्रोला उतरा. डोकं झाकायला ओढणी, गुडघ्याखाली घागरा. दारातच मेणबत्त्या विकणाऱ्या बायका असतात, त्यांना ‘केतेवान त्सामेबुली’ एवढंच म्हणा. हुतात्मा केतेवान. हे नाव तिथे सगळ्यांना ठाऊक आहे, एका मोठ्या रस्त्यालाही तेच आहे. आणि तुम्ही गोव्याहून आलात हेही सांगा.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. अनानुरीचा बेत ग्रुपवर टाकला, काझबेगीवाल्या दोघींनी अर्धा तास उत्तर दिलं नाही, मग एकीने ‘चालेल, पण पुढच्या वेळी मी पुढच्या सीटवर’ असं लिहिलं. म्हणजे ठरलं.

भातुकलीताई, एक राहिलं. मला साडी नेसून जायचंय, आजीची एक जुनी आहे. डोक्यावरून पदर घेतला तर ओढणीऐवजी चालेल ना? आणि रविवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी गेलेलं बरं, की शुक्रवारी, गर्दी नसताना?