मदत हवी आहे: मुलांच्या रविवारच्या वर्गासाठी

शाळोम मंडळी. आमच्या सिनेगॉगमधला (ज्यूंच्या प्रार्थनास्थळातला) मुलांचा धर्मवर्ग आता माझ्याकडे आलाय. सहा ते तेरा वर्षांची सगळी मुलं एकत्र बसतात. मोठी सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) वाचतात, लहानग्यांची अजून आलेफ-बेतशी (हिब्रू मुळाक्षरांशी) झटापट चाललीये. त्यांना एकत्र कसं शिकवावं?

पेसाहच्या (वल्हांडण सणाच्या) आधी आई-बाबा, आजी-आजोबांसकट कार्यक्रम करायचाय. १८७४ साली पुण्यात छापलेल्या हगादात (पेसाहच्या रात्री वाचायच्या पुस्तकात) साडी नेसलेल्या बायका मात्झा (बिनखमिराची भाकरी) करताना दिसतात. ती चित्रं मुलांना दाखवायचीच आहेत. कुणाकडे त्यांच्या स्वच्छ प्रती आहेत का?

शिवाय मलिद्याचं (एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने ठेवायच्या प्रसादाचं) ताट मुलांकडूनच लावून घ्यावं म्हणते. पोहे, खोबरं, साखर, वेलची, फळं. हात लागले की एलियाहू हन्नाबीची गोष्ट पक्की बसते. आपली जुनी मराठी कीर्तनं म्हणणारं कुणी ठाणे-मुंबईत असेल तर कृपया कळवा.