हनोईच्या जुन्या भागात आई-वडिलांसह मुक्काम : हॉटेल कसे निवडावे?

प्रश्न (ऋतुगंध) :
नमस्कार. डिसेंबरच्या अखेरीस आई-वडिलांना घेऊन हनोईला जाण्याचे ठरत आहे. दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे, आईला गुडघ्यांचा त्रास आहे आणि ती पूर्ण शाकाहारी आहे. रोज चार-पाच हजार रुपयांत, फार आलिशान नसले तरी नीटनेटके आणि न्याहारीची सोय असलेले हॉटेल होआन किएम तलावाच्या आसपास मिळावे, अशी इच्छा आहे. छायाचित्रांत सगळीच हॉटेले सुंदर दिसतात. खोलीत उजेड किती आणि रात्री गोंगाट किती, हे त्यांवरून कळत नाही. जाऊन आलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सह्यवाट :
या भागात हॉटेलला किती तारे आहेत यापेक्षा आपली खोली इमारतीत नेमकी कुठे आहे, हे आधी पाहावे. तिथली जुनी घरे रस्त्याकडून अगदी अरुंद आणि मागे लांबवर खोल गेलेली असतात. मध्यम दर्जाची बरीच हॉटेले अशाच चिंचोळ्या जागांवर मजल्यावर मजले चढवून बांधलेली आहेत. त्यामुळे मोकळी खिडकी पुढच्या किंवा मागच्या खोलीच्याच वाट्याला येते. मधल्या खोल्यांना खिडकी नसते, आणि असलीच तर ती हातभर अंतरावरच्या भिंतीकडे उघडते. पडदे मात्र अशा खोल्यांतही ऐसपैस लावलेले असतात, म्हणून छायाचित्रात फरक दिसत नाही. ‘सुपीरियर’, ‘डिलक्स’ या नावांवर विसंबू नका. खिडकी बाहेरच्या बाजूला उघडते का, हे हॉटेलला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

आवाजाचे म्हणाल तर रस्त्याकडच्या खोलीत उजेड असतो, पण स्कूटरांचे भोंगेही असतात. ज्येष्ठांसाठी वरच्या मजल्यावरची मागची खोली मागावी. ता हिएन हा बिअरसाठी प्रसिद्ध असलेला रस्ता रात्री उशिरापर्यंत गजबजलेला असतो. त्याच्या लगतचे हॉटेल स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. तलावाच्या पश्चिमेला सेंट जोसेफ चर्चच्या आसपासच्या गल्ल्या मला अधिक सोयीच्या वाटतात, कारण तलाव चालत जाण्याइतका जवळ राहतो. शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारी रात्रीपर्यंत तलावाभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतात. ही व्यवस्था २०१६ पासून आहे आणि फिरायला ती फार सुखद आहे. पण त्या वेळात पोहोचणार असाल तर टॅक्सी दारापर्यंत येते का, हे हॉटेलला विचारून ठेवा, नाहीतर सामान ओढत चालावे लागेल.

माजघर :
आईंच्या गुडघ्यांसाठी एक प्रश्न आवर्जून विचारा : लिफ्ट अगदी तळमजल्यापासून आहे का, आणि न्याहारीच्या मजल्यापर्यंत जाते का? नुसते ‘लिफ्ट आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका.

थंडीचाही विचार हवा. हनोईत डिसेंबर-जानेवारीत पारा पंधरा अंशांच्याही खाली जातो, हवा दमट असल्याने गारठा अंगात भरतो आणि अनेक ठिकाणचे एसी केवळ थंड हवा देणारे असतात. खोली गरम करण्याची सोय आहे का, ते विचारून जादा पांघरूण आधीच सांगून ठेवावे.

न्याहारीला अंडी, पाव, फळे आणि कॉफी मिळते. आई अंडी खात नसतील तर पाव-फळांवरच भागवावे लागेल, कारण फो या गरम शेवयांच्या वाडग्यातला रस्सा हाडे उकळून केलेला असतो आणि साध्या परतलेल्या भाजीतही माशाचा सॉस घालण्याची पद्धत आहे. हॉटेलच्या स्वागतकक्षातून व्हिएतनामी भाषेत चिठ्ठी लिहून घ्या : मांस, मासे, अंडी आणि माशाचा सॉस नको. जेवणासाठी ‘चाय’ (Chay, म्हणजे शाकाहारी) अशी पाटी असलेली बौद्ध शाकाहारी भोजनालये शोधा. तिथले टोफू, अळंबी आणि भाताचे पदार्थ आईंना निर्धास्तपणे देता येतील.

ऋतुगंध :
दोघांचेही मनापासून आभार. आमचे विमान पहाटे पोहोचते. खोली दुपारी दोनला मिळणार असेल तर तोवर आई-बाबांनी कुठे थांबावे?

सह्यवाट :
आदल्या रात्रीचेही भाडे भरून खोली घ्या. नोई बाई विमानतळापासून जुना भाग सुमारे ३० किलोमीटर आहे. रात्रभराच्या प्रवासानंतर ज्येष्ठांना स्वागतकक्षात तासन्‌तास बसवण्यापेक्षा हा खर्च सार्थकी लागतो. विमानतळावरून हॉटेलचीच गाडी सांगा आणि भाडे आधी लेखी ठरवा. परदेशी पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करण्याची जबाबदारी हॉटेलवर असते, म्हणून पोहोचताच पासपोर्ट मागतील. नोंद झाल्यावर ते लगेच परत मागून घ्यावेत. पैसे देताना २०,००० आणि ५,००,००० डोंगच्या नोटा नीट पाहा. दोन्ही निळसर असतात आणि घाईत सहज अदलाबदल होते.