ऐरोलीचा करडा बगळा: संकर ठरवायची एवढी घाई का?

खाडीवाला: ऐरोलीजवळचा एक फोटो कालपासून फिरतोय. करडा-पांढरा ठिगळं लावल्यासारखा बगळा, खाली 'लहान बगळा आणि समुद्र बगळ्याचा संकर, शंभर टक्के'. कशावरून? समुद्र बगळा पांढरा असतो, काळपट असतो आणि मधल्या सगळ्या छटांतही असतो. रंग सोडा, चोच बघा: जाड, पिवळट-तपकिरी. पायांचा पिवळेपणा बोटांवर न थांबता नडगीवर चढलाय. हा सरळ समुद्र बगळा आहे.

मिठागर: फोटो माझाच. चोच उन्हामुळे पिवळी दिसतेय, दुसऱ्या फोटोत ती काळी आणि बारीक आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर या दोघांच्या मिश्र जोड्यांची नोंद आहे. काही अभ्यासक तर दोघांना एकच जात धरतात. मी उरणच्या मिठागरांवर लहानाचा मोठा झालो, असा पक्षी कधी बघितला नाही.

खाडीवाला: तुम्ही बघितला नाही म्हणून तो संकर? लहान बगळ्यातही क्वचित काळपट पक्षी निघतो, तो धरलात का?

पिसारा: पीस मिळालं तर डीएनए करून वाद मिटवता येईल.

खाडीवाला: मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीच्या केंद्रकाबाहेरचा डीएनए फक्त आईकडून येतो. बाप कोण, ते त्यातून कळणार नाही. केंद्रकातलाही तपासावा लागेल.

तिवरांच्या_बाजूने: जात कुठलीही असो, नेमकी जागा का टाकलीत? आज सकाळी तिथे कॅमेऱ्यांची रांग होती. आमच्या गावात चिंचेवर बगळ्यांची वीण असायची. फोटो नीट यावा म्हणून लोकांनी फांद्या तोडल्या, पिल्लं खाली पडली. पुढच्या पावसाळ्यात एकही घरटं नव्हतं.

मिठागर: मी फांदी तोडलेली नाही! जागा लपवली असती तर तुम्हीच खोटारडा म्हणाला असता. खाडीत आम्ही नसतो तेव्हा भरावाचे डंपर असतात. पक्ष्यांच्या नोंदी होत्या म्हणूनच 2022 साली ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली.

तिवरांच्या_बाजूने: नोंद करा ना, ती अभ्यासकांकडे द्या. चारचौघांत नकाशा वाटायची काय गरज? ओहोटीला चिखलावर चरायला मिळणारे तास मोजके. माणसं पुढे सरकली की पक्षी उडतो, उपाशी राहतो.

पिसारा: ताई, सगळे फोटोवाले तसे नसतात.

तिवरांच्या_बाजूने: नसतील. चिंच रिकामी झाली ती झालीच.

खाडीवाला: मूळ प्रश्नावर या. दुसरा फोटो आत्ता पाहिला. चोच बारीक आहे, हे मान्य करावं लागतंय. पण पाय अजून समुद्र बगळ्याचेच. हनुवटी आणि उघडे पंख दिसतील असा फोटो आहे का?

मिठागर: उडतानाचा आहे, रात्री टाकतो. 'शंभर टक्के' काढलं, 'संभाव्य संकर' राहणार. जागाही राहणार.

तिवरांच्या_बाजूने: मग उद्याच्या ओहोटीला मी तिथे उभी असेन. बांधाच्या पुढे कुणी उतरलं तर अडवेन, तुम्हालासुद्धा.