मदत हवी आहे : जागा सोडून फिरणारे अ‍ॅनिमोन

माझा खाऱ्या पाण्याचा २०० लिटरचा रीफ टँक (प्रवाळ म्हणजेच कोरल ठेवण्याचे मत्स्यालय) सुरू होऊन आठ महिने झाले आहेत. त्यातले बबल टिप अ‍ॅनिमोन (खडकाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) सुरुवातीपासून एकाच कपारीत पाय रोवून होते. परंतु गेल्या आठवड्यापासून ते रात्री सरकू लागले आणि काल सकाळी हॅमर कोरलला अगदी खेटून बसलेले दिसले. जिथे त्याची शुंडके लागली, तिथले कोरलचे मांस आक्रसून खालचा पांढरा सांगाडा उघडा पडला आहे. ते पाहून फार वाईट वाटले.

पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५, तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषून घेण्याची क्षमता) ८ डीकेएच आणि कॅल्शियम ४२० पीपीएम आहे. नायट्रेट व फॉस्फेट मात्र शून्य येते, आणि त्यामुळे अ‍ॅनिमोनच्या शरीरातील शैवालाची उपासमार होत असावी, अशी मला शंका आहे. दुसरे असे, की दहा दिवसांपूर्वीच मी अधिक प्रखर एलईडी दिवा बसवला.

अ‍ॅनिमोनची तब्येत तशी ठीक दिसते : तोंड घट्ट मिटलेले आहे, कोळंबीचा तुकडाही ते धरते. ते पंपात ओढले जाऊन सगळे पाणी नासू नये, म्हणून पंपाच्या तोंडाला स्पंज बांधला आहे.

आधी प्रकाश कमी करावा, की माशांचे खाणे वाढवून नायट्रेट थोडे वर येऊ द्यावे? दोन्ही एकदम बदलले, तर नेमके कारण कळणार नाही. तसेच, पाय न फाटता अ‍ॅनिमोन खडकावरून सोडवण्याची खात्रीची पद्धत कोणाला अनुभवाने माहीत असल्यास कृपया सविस्तर सांगावी. की कोरलच तेथून हलवणे अधिक सुरक्षित ठरेल?