म्युनिकमध्ये मुलीच्या वसतिगृहाची सोय विद्यापीठ करते का?

नाशिकचा_पालक:
नमस्कार. माझ्या मुलीला म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात येत्या हिवाळी सत्रापासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला असून तिचे वर्ग गार्शिंगच्या परिसरात भरणार आहेत. आपल्याकडे अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश घेतानाच वसतिगृहाचा अर्जही भरून घेतात. येथे मात्र प्रवेशपत्रात राहण्याच्या सोयीचा उल्लेखही नाही. दरम्यान एका संकेतस्थळावर एका गृहस्थांनी विद्यापीठाजवळची सुसज्ज खोली 420 युरोंत देऊ केली आहे. आपण सध्या परदेशी आहोत, दोन महिन्यांचे भाडे आधी पाठवा, किल्ली कुरिअरने येईल, असे ते कळवतात. पैसे पाठवावेत का? आणि आवारातील खोली मिळवण्याचा रीतसर मार्ग कोणता?

इसारकाठी:
पैसे मुळीच पाठवू नका. मालक परदेशी, भाडे बाजारापेक्षा बरेच कमी आणि किल्ली कुरिअरने, हा फसवणुकीचा इतका ठरलेला साचा आहे की जाहिरात न पाहताही ती खोटी असावी असे मी म्हणेन.

आता मूळ प्रश्न. जर्मनीत बहुतेक वसतिगृहे विद्यापीठाच्या ताब्यात नसतात. ती ‘श्टुडिरेंडनवेर्क’ नावाची स्वतंत्र सार्वजनिक संस्था चालवते. विद्यार्थ्यांची भोजनालयेही तिच्याकडेच असतात. म्युनिकची संस्था शहरातील अनेक उच्चशिक्षण संस्थांच्या विद्यार्थ्यांना खोल्या देते, त्यामुळे प्रवेश मिळाला म्हणून खोली आपोआप मिळत नाही आणि मुलीला या संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतःच अर्ज करावा लागेल. देवाणघेवाण कार्यक्रमातून येणाऱ्यांसाठी काही खोल्या राखून ठेवलेल्या असतात, परंतु पूर्ण पदवीसाठी येणाऱ्यांना सर्वांबरोबर प्रतीक्षायादीत थांबावे लागते आणि म्युनिकमध्ये ही यादी अनेकदा एका सत्रात सरत नाही. अर्ज आजच करावा, कारण खाजगी बाजारातील खोलीला या वसतिगृहांच्या जवळपास दुप्पट भाडे पडू शकते. व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवलेल्या गोठवलेल्या खात्यातून दरमहा मिळणारे 992 युरो अशा भाड्यात किती झपाट्याने संपतात, हे तुम्हीच मोजून पाहा.

उ६_प्रवासी:
वरील उत्तराला एक पुरवणी. ‘आवारातच’ हा आग्रह सोडावा. गार्शिंगच्या आवाराला उ६ ही भुयारी रेल्वे थेट जोडते आणि त्याच मार्गावर ‘श्टुडेंटनश्टाट’ स्थानकाजवळ फ्रायमानची मोठी विद्यार्थी वसाहत आहे. 2021 च्या आगीत तेथे एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला, त्यानंतर तेथील उंच इमारती रिकाम्या केल्या गेल्या आणि एक हजाराहून अधिक खोल्या वापरातून गेल्या. आजची टंचाई काही अंशी त्यामुळेही आहे. 1972 च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या महिला खेळाडूंच्या गावातही आता विद्यार्थीच राहतात. तेथील लहानसे बंगले नंतर नव्याने बांधले गेले असून त्यांच्या दर्शनी भिंती रहिवासी स्वतः रंगवतात. मला ही जागा फार आवडते, पण गार्शिंगला जाण्यासाठी तेथून गाडी बदलावी लागते.

चर्चच्या संस्था चालवतात त्या वसतिगृहांचे अर्ज वेगळे असतात. तेथेही जरूर करावेत.

नाशिकचा_पालक:
मनःपूर्वक आभार. पैसे पाठवत नाही. मात्र यादीत नंबर लागेपर्यंत तिने राहायचे कोठे? सुरुवातीला पर्यटकांच्या हॉस्टेलमध्ये राहिले तर चालेल का?

इसारकाठी:
काही रात्री चालेल, पण अडचण पत्त्याच्या नोंदणीची आहे. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरकार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाने दिलेला वास्तव्याचा दाखला हवा. पर्यटकांच्या हॉस्टेलकडून तो बहुधा मिळत नाही. म्हणून ऑक्टोबर ते मार्च या काळात परदेशी सत्रासाठी जाणारे विद्यार्थी आपली खोली तात्पुरती भाड्याने देतात, ती शोधावी. परंतु मूळ मालकाची, म्हणजे वसतिगृह असल्यास त्या संस्थेची, लेखी परवानगी आणि नोंदणीचा दाखला या दोन्ही गोष्टी आधी विचाराव्यात. ज्यांना दाखला द्यायचा नसतो ते या प्रश्नावर लगेच गप्प होतात.

उ६_प्रवासी:
आणखी एक बारकावा, जो येथे फारसा कोणी सांगत नाही. गार्शिंग हे म्युनिक शहराचा भाग नसून वेगळे गाव आहे आणि ते म्युनिक जिल्ह्यात मोडते, त्यामुळे तेथे पत्ता नोंदवल्यास निवास परवान्याचे काम शहराच्या नव्हे तर जिल्ह्याच्या परदेशी नागरिक कार्यालयाकडे जाते. नंतर शहरात घर बदलले की कार्यालयही बदलते. परवान्याची मुदत संपत आली असताना शक्यतो हद्द ओलांडून घर बदलू नये. खर्चात दरमहा 18.36 युरोंची प्रसारण वर्गणीही, म्हणजे सार्वजनिक रेडिओ-दूरचित्रवाणीसाठीची सक्तीची वर्गणी, धरावी. ती प्रत्येक घरामागे असते, पण सामाईक मार्गिकेवर उघडणारी वसतिगृहाची स्वतंत्र खोलीही घर मानली जाते, तर एकत्र भाड्याने घेतलेल्या सदनिकेत सर्वांची मिळून एकच वर्गणी भरावी लागते.